नऊ वाजताचा बावटा

माझी नोकरी बंदरावर, बावट्याची. वादळाची तार आली की साहेबांची सही घ्यायची आणि टेकडीमागच्या काठीवर लाल बावटा चढवायचा. शिपायाचंच काम, पण कोळीवाड्यात मला मान असा, की जणू समुद्र माझ्याच खिशात होता.

अठ्ठावन्न साली एकदा सकाळी नऊला तार आली. साहेब म्हणाले, "बुधाजी, घाई नको. पाहुण्यांची लाँच अकराला येतेय. बावटा बघून माघारी फिरले तर मेजवानीचं काय?" मी दोरी हातात धरून काठीखाली उभा राहिलो. बावटा चढला बारा वाजता.

मधल्या वेळात एकच होडी बाहेर पडली. होडीचा तांडेल माझा मेव्हणा हरेश्वर, आणि बरोबर चार माणसं. पाचांपैकी कोणी परत आलं नाही. चौकशीच्या अहवालात लिहिलं, 'बावटा नऊलाच चढवला होता, तांडेलाने जुमानला नाही.' लाँचमधले पाहुणे साहेबांचेच, आणि काठी फक्त खाडीच्या तोंडावरून दिसते, त्यामुळे खोटं म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. मी होतो, तो मूग गिळून बसलो.

हरेश्वरची बायको वेणू माझी धाकटी बहीण. नवरा गेला तो गेला, वर चार घरांचे तळतळाट. मासळी सुकवायला बसली की बाया तिच्यापासून उठून जात. शेवटी तीच नवऱ्याला हावरट म्हणू लागली. ते मला ऐकवेना.

वर्षाने मी ती तार आणि बावट्याच्या वहीतली वेळेची खाडाखोड उतरवून पेपरात दिली. लोकांना कळायलाच हवं होतं. साहेबांची बदली झाली, माझी नोकरी गेली. पण होडीत मुलगा गमावलेली रंगू वेणूच्या गळ्यात पडून रडली, आणि मला वाटलं, फिटलं.

मी कात्रण घेऊन वेणूकडे गेलो. तिने ते कपाळाला लावलं. मग म्हणाली, "दादा, खाडीच्या तोंडाशी आले का ते काठीकडं बगायचेच. त्या दिशी बगितलं न्हाय का?"

पेपरात मी सगळं लिहिलं होतं, एवढं सोडून. हरेश्वरने वळून बघितलं होतं. हात वर करून विचारलंही होतं, जाऊ का म्हणून. साहेब माझ्या मागे उभे होते. मी हात हलवून त्याला जा म्हटलं.

हे मी तिला सांगितलं. कात्रणाची घडी करून तिने देवापाशी ठेवली.

भाऊबीजेला मी अजून जातो. वेणू पाणी देते, तब्येत विचारते. पाट मांडलेला नसतो. उंबऱ्याबाहेर बसून मी पाणी पितो आणि परत येतो.