तिसरं रेशनकार्ड

कडावच्या येसाजीच्या घरात एक नियम होता: दिवे लागायच्या आत अक्षदा घरात. तिच्या भावाला, स्वप्नीलला, नियम नव्हता. अक्षदा तेवीस वर्षांची झाली, कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली, तरी दुसरी पाळी तिनं कधी घेतली नाही. संध्याकाळ झाली की बाप ओट्यावर खाट टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचा.

म्हणून पोलीस ठाण्यात हवालदार निशिगंधाताईंनी "रात्री दोनला साइटवर कशी पोचलीस?" असं विचारलं तेव्हा ती अंदाजानं "चालत" म्हणाली. रात्री दोनला आपल्या दारापुढचा रस्ता कसा दिसतो, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

खालापूरजवळच्या बांधकामावरून तांब्याची केबल गेली होती. ती सापडली येसाजीच्या कणगीत, भाताखाली. पोलीस सकाळी पंच घेऊन दारात आले, तेव्हा बायजानं लेकीला चुलीपाशी ओढलं होतं.

"तू सांग, माझं हाय म्हणून. स्वप्नीलवर दोन केसी हायत, तिसरीला तो सुटायचा नाय. बाईमाणसाला कोण आत ठेवतंय गं? सह्या घेतील आन सोडतील."

अक्षदानं भावाकडे पाहिलं. तो मोरीत तोंड धूत होता. बराच वेळ धूत राहिला.

"माझं हाय," ती पंचांसमोर म्हणाली.

निशिगंधाताईंना ते पटलं नव्हतं. "इथं शंभर येतात, त्यात बाया चार-पाच," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात, बाईची जात मुळात भित्री, देवभोळी. कसलं काय! चोरी करायची तरी घराबाहेर पडावं लागतं. तुला कोणी पडू दिलं? भावाचं नाव सांग."

"माझंच हाय."

माल मिळाला होता, कबूल करणारं माणूस मिळालं होतं. साहेबांनी पुढं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी खालापूरच्या कोर्टानं जामीन दिला. जमीन असलेला एक जामीनदार हवा होता, सातबारा आणि रेशनकार्ड घेऊन. जामीन राहिलेल्याच्या कार्डावर शिक्का पडतो, मग ते दुसऱ्या आरोपीला चालत नाही. येसाजीच्या कार्डावर स्वप्नीलच्या पहिल्या केसचा शिक्का होता. लडकूकाकाच्या कार्डावर दुसऱ्या केसचा. कोरं कार्ड एकच उरलं होतं, पोशीरच्या जैतूमामाचं.

दुपारी येसाजी कोर्टात एकटाच आला.

"मामा?"

"नाय म्हनला."

"स्वप्नीलच्या येळंला तर आपणहून कार्ड घेऊन आलता, लागलं नाय ते येगळं."

"पोराचं येगळं असतं गं. तो म्हंतो, पोरं वाया जातात, लगीन झालं की ठिकाणावर येतात. पोरगी चोर निघाली म्हंजे इपरीत. त्याला दोन पोरी उजवायच्या हायत."

"मग त्याला खरं सांगा ना बाबा. एकट्या मामाला."

येसाजीनं पायातल्या चपलेकडे पाहिलं. "मामीच्या पोटात काय ऱ्हात नाय. आन रविवारी स्वप्नीलला बघायला मानसं यायचीत."

"मला कोन येनार हाय बघायला?"

तो म्हणाला, "तू शानी हायस. थोडं दिवस आत काढशील. त्याला नाय जमायचं."

गेटबाहेर स्वप्नील बाइकवर बसून वडापाव खात होता. अक्षदाला पाहिल्यावर त्यानं कागद चुरगळला आणि मोबाइल काढला.

बायांची सोय कल्याणच्या तुरुंगात होती. गाडी लागली. निशिगंधाताईंनी तिचा दंड धरला, तशी ती बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "ताई, माल स्वप्नीलचा हाय."

येसाजी मागं सरकला.

"लिहून घेईन मी," गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या. "पण पंचांसमोर माझं हाय म्हणालीस तू. आता म्हणतील, बाई बिलंदर निघाली, सुटायला सख्ख्या भावावर ढकलतेय. त्याच्यापेक्षा तुलाच जास्त बोल लावतील, बघ."

"मला म्हाईत हाय," अक्षदा म्हणाली. "मामा बोललाच की."

टोलनाक्यावर गाड्यांची रांग होती. रांग पुढं सरकेस्तोवर दिवे लागले. कडावला ओट्यावर आज खाट पडणार नव्हती.