एकतिसावा ठिपका

सकाळीच आलेला शोधनिबंध तिने उभ्याउभ्या वाचला. सूर्याच्या चाळीसपट वस्तुमानाचा, अजून धुळीत गुरफटलेला, भोवतालचा वायू गिळत वाढणारा तारा. वर एकच नाव, ताईचं.

आकाशातली जागा वाचली आणि तिने आपल्या जुन्या नोंदी काढल्या. एकतिसावा ठिपका!

थांबा, आधीचं सांगायला हवं.

असे दांडगे तारे दाट, गार, काळ्याकुट्ट ढगांत जन्मतात, तेही गर्दीत, आणि घाईघाईने मोठे होतात. आपल्याला दिसेपर्यंत त्यांनी आपलाच पाळणा उधळून लावलेला असतो. पाळण्यातला तारा सापडणं म्हणजे लॉटरीच. तिचा अख्खा प्रबंध त्या एका आशेवर उभा होता.

ताई काही सख्खी नव्हे. चार वर्षं शेजारच्या टेबलावर, एका डब्यात जेवलेली. दुर्बिणीच्या चित्रांत ढगातले ठिपके दिसत, ते दोघींनी तपासायचे. एकीने 'तारा नव्हे' म्हणून फुली मारली की दुसरीने पुन्हा बघून सही करायची.

ठिपका: ३१.
फुली: ताई, बारा मार्च.
शेरा: उपकरणाचा दोष.
सही: तिची.

पुन्हा न बघता.

तिने शोधनिबंध ताईसमोर धरला. "ताई, हा कचरा होता ना?"

"नंतर परत बघितला, तर निघाला तारा. नशीब एकेकाचं!"

"नंतर म्हणजे कधी?"

"उलटतपासणी घेतेस? सही तुझीही आहे, बाईसाहेब."

दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्या अर्जांची यादी सगळ्यांना खुली असते. तिने ती ताईसमोरच उघडली.

ठिपका: ३१.
अर्ज: ताई, नऊ मार्च.

तीन दिवस आधी.

ताईचा चेहरा उतरला. "माझी नेमणूक संपत आली होती गं. तुझ्या हातात अजून वर्ष आहे."

रडू यायला हवं होतं. तिच्या तोंडून भलतंच निघालं. "वायू अजून आत पडतोय?"

"धो धो! भोवती चकती आहे, तिच्यातून. आणि दोन्ही ध्रुवांकडून झोत बाहेर..." ताई हातवारे करत खुलली, अगदी पूर्वीसारखी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग यादीची प्रत आणि फुल्यांचा कागद उचलला. त्यावर तिचा आळसही सहीनिशी होता. दिसला तर दिसू दे.

"अगं, कुठे निघालीस?"

विभागप्रमुखांचं दार तिने ताईच्या देखत ठोठावलं.