कागदावरची कुंभखोरी

"बसून उतरा, पटवारीजी. पाय सरकला का थेट नदीत जाता," कोतवाल नत्थूजी पुढून ओरडला.

पुंडलिकराव बसूनच उतरू लागले. दोन्ही बाजूंना काळे कडे, खाली पाण्याचा नुसता आवाज. राज्यांची नवी वाटणी झाली होती. नागपूर हद्दीपलीकडे गेलं, सौंसर अलीकडे राहिलं. हद्दीवरच्या वस्त्या स्वतः पाहून या, असा तहसिलीचा हुकूम होता. हुकूम नसता तर हा माणूस या दरीत जन्मात उतरला नसता. पाच वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत नव्हताच उतरला!

पुंडलिकराव काही लबाड नव्हेत हो. कोणाच्या धुऱ्याची वीतभर जमीन त्यांनी कधी इकडची तिकडे केली नाही. पण त्या दिवशी ऊन तापलं होतं, गुडघा ठणकत होता, आणि कड्यावर बसल्या बसल्या त्यांनी नत्थूजीला विचारलं होतं, "खाली कोणी राहते का रे?"

"होते चार घरं. आता धूर तं दिसून नाही राहिला."

धूर दिसला नाही म्हणून त्यांनी लिहिलं, 'कुंभखोरी, ओसाड.' सही केली, एक संत्रं सोलून खाल्लं आणि घरी आले.

आज मात्र धूर होता. कुडाची चार घरं, अंगणात कुटकीचं धान्य वाळत घातलेलं. एक म्हातारी हातातलं सूप ठेवून उठली. अंबाबाई तिचं नाव.

"या बाप्पा. कोण व्हय?"

"पटवारी. माणसं लिहाले आलो."

"लय उशीर केला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दोन सालामागं देवी आल्या, तवा टोचणारा वर कड्यापर्यंत आला व्हता. माहा लेक चढून बोलवाले गेला. तो म्हणे, कागदावर ही खोरी ओसाड हाय, मले हुकूम नाही. गेला निघून. दोन्ही नाती गेल्या माह्या."

दुसऱ्याच कोणी लिहिलं असेल, हे वाक्य पुंडलिकरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं. नत्थूजी खाली मान घालून उभा होता.

"तो कागद माह्या हातचा व्हय, बाई," ते कसेबसे म्हणाले. "मी उतरलोच नाही. वरतं बसून लिहिलं. हे पाप माहं."

सुनेनं पाण्याचा लोटा आणला, तो अंबाबाईनं स्वतःच्याच हातात धरून ठेवला.

"लिहा मंग," ती शेवटी म्हणाली.

घरोघर फिरून त्यांनी एकोणीस माणसं लिहिली. खाली रेघ मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "गुंफा अन् सखू राहिल्या."

"गेलेल्यांले जागा नसते याच्यात, बाई."

"जित्या होत्या तवा तरी कुठं लिहिल्या?"

पुंडलिकरावांनी लिहिलं. गुंफा, वय सहा. सखू, वय चार. एकूण एकवीस. सगळ्या नोकरीत जाणूनबुजून लिहिलेला तो त्यांचा पहिला खोटा आकडा.

"पटवारीजी," नत्थूजी कानाशी पुटपुटला, "तपासाले कोणी आलं तं?"

"येऊ दे. खाली तं उतरन ना तो."

त्यांनी सही केली. अंबाबाईनं लोटा पुढे सरकवला.

"आता प्या. चढाचं हाय."

पुंडलिकरावांनी लोटा तोंडाला लावला.