टेबलाचं कोणी विचारलंच नाही

थोरल्या जावेने रागाच्या भरात भागीदारी मोडल्याची नोटीस धाडली, तेव्हा तिला वाटलं, आता तरी धाकटीचे डोळे उघडतील. उघडले, पण धाकटीने ते करारावर फिरवले. दोघींच्या पडदे शिवण्याच्या धंद्याचा तो करार सही करताना एकीनेही वाचला नव्हता. भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, दोघींनी मिळून लवाद नेमायचा आणि त्याचा निवाडा पाळायचा, असं त्यात होतं.

थोरलीला फक्त धंद्याची खोली हवी होती, मोठ्या खिडकीची. त्या उजेडात तिने अर्धं आयुष्य कापड बेतलं होतं. दुसरीकडे आपला हातच चालणार नाही, अशी तिला धास्ती होती.

धाकटीने सुचवलेल्या नावांतून थोरलीने नाकं मुरडत एक ठेवलं. त्या लवादबाई, निवृत्त वकील. दोघींपैकी कोणाशी नातं नाही, देणंघेणं नाही, असं त्यांनी आधी लिहून दिलं. पहिली बैठक खोलीवरच झाली. थोरलीने चहा टाकला.

"नको. कोणाचाच नको." बाईंनी पिशवीतून थर्मास काढला. "मी काय ठरवायचं तेवढं सांगा."

"खोली कोणाची!" दोघी एका सुरात म्हणाल्या. बऱ्याच दिवसांतलं पहिलं एकमत.

"आणखी काही? विचाराल तेवढंच मी ठरवणार. मागाहून म्हणू नका."

"खोलीच," थोरली ठसक्यात म्हणाली.

मग थोरलीने मागणी लिहून दिली, धाकटीने उत्तर. प्रत्येक कागदाची प्रत दुसरीला जायची. एका जिन्यावर राहणाऱ्या जावा टपालाने भांडू लागल्या. शेवटी सुनावणी लागली.

"नोटीस कोणी दिली, जाऊबाई?" धाकटीने विचारलं.

"तू द्यायला लावलीस!"

"कोणी दिली तेवढं सांगा," लवादबाई म्हणाल्या.

"मी."

भागीदारी जी मोडेल तिने खोली सोडायची, हे कलम एव्हाना थोरलीला पाठ झालं होतं. पण कलमापेक्षा खिडकी मोठी, असं तिला आपलं वाटायचं.

निवाडा सहीनिशी, कारणांसकट हातात पडला. खोली धाकटीची. थोरलीने आपलं सामान घेऊन निघायचं.

तिने कागद वाचला, पुन्हा वाचला. "ठीक आहे. माझं टेबल मी नेते."

टेबल तिचंच, त्यात वाद नव्हता. तिच्या वडिलांनी ते या खोलीतच बसून जोडून दिलं होतं. तिघींनी त्या लांबलचक टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"निघणार कसं हे?" धाकटीने विचारलं.

"करवत लावून," थोरली म्हणाली, आणि टेबलाच्या कडेवरून तिने हात फिरवला.

"काहीतरीच! तुमच्या बाबांच्या हातचं आहे ते. बाई, तुम्हीच सांगा ना."

"मला विचारलंच नव्हतंत. आता निवाडा दिला, माझं काम संपलं." लवादबाईंनी थर्मास हलवून पाहिला. "आता चहा मात्र चालेल."

थोरलीने आधण ठेवलं. धाकटीने कप काढले.

"सकाळचा उजेड तुम्हाला लागतो," ती कपांशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी दुपारून कापेन."

"खोली तुझी आहे."

"टेबल तुमचं आहे."

"आणि पुन्हा भांडलो तर?"

"हे सगळं लिहून काढू. या वेळी वाचून सही करू."

थोरलीने साखर घातली. "तूच वाचून दाखव. माझा चष्मा मघाशी त्या टेबलाखालीच गेलाय कुठेतरी."