सत्काराची फळी

नाट्यगृहाचा रंगमंच करकरतो, असं अहवालात आलं आणि गुण्याकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षांपूर्वी तो रंगमंच त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने बांधला होता. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. काकांचं काम आणि बोलणं दोन्ही तसंच, म्हणून हे नाव पडलेलं. भाऊ केव्हाच गेला. काकांनीही रंधा खाली ठेवला. पण त्या फळ्यांनी आजवर हूं की चूं केलं नव्हतं.

"कोण म्हणतं करकरतो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"व्यवस्थापक. फळ्या उपटून ग्रॅनाइट बसवणार आहेत. पुढच्या महिन्यात."

लेक रोज दुपारी त्याच रंगमंचावर मुलींना नाच शिकवायची. स्वतः नाचणं कधीच थांबलं होतं. परगावच्या एका फरशीच्या रंगमंचावर ती उडी मारून उतरली, आणि गुडघा जो गेला तो गेलाच. तेव्हापासून ती जिना चढताना कठडा धरते. आता तिच्या सव्वीस पोरी तसल्याच दगडावर उतरणार, या विचाराने काका भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन बसले. व्यवस्थापक माणूस गोडबोल्या. वस्तू द्यायची नसली की दुकानदार जसा जास्तच गोड होतो, तसा.

"गोष्ट साधी आहे, काका. वर्षाला आपल्याकडे तीनशे कार्यक्रम. भाषणं, बक्षीस समारंभ, परीक्षा, मतमोजणी. त्यात नाच किती? वीस. फळ्यांवर खुर्च्यांचे ओरखडे पडतात. ग्रॅनाइटवर ओला फडका मारला की झालं."

"मग भाषणं व्हरांड्यात करा. भाषण करताना कुणी उड्या मारत नाही."

"तसं नाही हो काका..."

"तसंच आहे. फळ्यांखाली पट्ट्यांचे तीन थर आहेत, त्याखाली रबराचे तुकडे. पोरगी वरून उतरली की लाकूड तिचा निम्मा भार आपल्याकडे घेतं. दगड काही घेत नाही, सगळा तिच्या गुडघ्यात परत पाठवतो. पटत नसेल तर इथे फरशीवर एक उडी मारा, मग तिकडे वर येऊन एक मारा."

व्यवस्थापक हसले. "आता या वयात मी उड्या मारू?"

"बरं, करकरतं कुठे ते तरी दाखवा."

"अहवालात आहे सगळं. आणि हो, सुवर्णमहोत्सवात तुमचा सत्कार ठेवलाय बरं का. रंगमंचाचे शिल्पकार म्हणून."

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. "सत्कार नको, फळ्या ठेवा," म्हणून काका ताडकन उठले. पण घरी लेक म्हणाली, "बाबा, जा तुम्ही. सत्कार झाला की माइक हातात देतात. एरवी आपल्याला कोण देतंय?"

गेले काका. पहिल्या रांगेत बसून त्यांनी स्मरणिका चाळली. नाट्यगृहाचा इतिहास म्हणून सोळा पानं होती. कोनशिला कुणी बसवली, फीत कुणी कापली, कोणत्या साहेबांनी कधी पायधूळ झाडली, सगळं फोटोंसकट. पुराच्या वर्षी तीनशे माणसं याच फळ्यांवर पंधरा दिवस निजली होती आणि उजव्या विंगेत एक बाई बाळंत झाली होती, त्याची एक ओळ नाही. फीत कापणारे तेवढे बरे सापडले.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. व्यवस्थापकांनी हसतमुखाने एक चौकट त्यांच्या हातात ठेवली. काचेआड दोन वीत लांब फळीचा तुकडा, खाली पितळी पट्टी. "काकांच्याच हातच्या कामाची ही आठवण," व्यवस्थापक म्हणाले, आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

काकांनी चौकट उलटी केली. मागे पुठ्ठा नव्हता. उघड्या लाकडावर पेन्सिलीने सत्तेचाळीस लिहिलेलं होतं, साताची शेपटी लांब ओढलेली. तो थोरल्याचा हात होता. त्याने बसवण्याआधी प्रत्येक फळीला आकडा घातला होता, आणि कोणती फळी कुठे हे काकांना अजून तोंडपाठ होतं. सत्तेचाळीस म्हणजे मधोमध. ते आत्ता उभे होते तिथेच, माइकखाली.

त्यांनी पायाने गालिचा बाजूला सारला. फळीच्या जागी प्लायवूडचा तुकडा दडपलेला होता.

"माझा सत्कार करायला माझीच फळी कापली," काका माइकमधून म्हणाले. "उद्या माझ्या लेकीचा सत्कार कराल तेव्हा काय कापणार? तिचा दुसरा गुडघा?"

व्यवस्थापक पुढे सरकले. "काका, कार्यक्रम चालू आहे..."

"मग चालू दे की." काकांनी विंगेतल्या लेकीला हाक मारली. "ताई, माझी हत्यारांची पेटी आण."

पेटी अजून विंगेतच असायची. काकांनी चौकट फोडली, इस्त्रीच्या कपड्यांनिशी गुडघे टेकले, प्लायवूड उपसलं आणि फळी जागेवर बसवली. कापणाऱ्याने तिची कड फोडली होती, दोन्ही टोकांना करवतीच्या पात्याएवढी फट राहिली. चार स्क्रू पिळले. चारशे माणसं बघत होती, आणि मान्यवर आपापली भाषणं हातात धरून ताटकळले होते.

"आता पोरींना येऊ दे," काका म्हणाले.

मुली आल्या, नाचल्या, उड्या मारून उतरल्या. एवढे पाय पडत होते, पण आवाज ऐकू आला तो एकाच फळीचा. कर्र.

नाच संपल्यावर संस्थेच्या अध्यक्षबाई खुर्चीतून उठल्या. चपला काढून त्या सत्तेचाळीसवर उभ्या राहिल्या. कर्र. मग सगळा रंगमंच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. कुठे काही नाही.

"अहवालातली करकर कुठे होती?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापकांनी घाम पुसला. "तो जरा... घाईत झाला, बाई."

"म्हणजे नव्हतीच. आज तुम्ही केलीत." मग त्या माइककडे वळल्या. "ग्रॅनाइटच्या कागदावर मी न बघता सही केली होती. ती मागे घेते."

ग्रॅनाइट आलं, पण ते गाड्या थांबतात तिथे लागलं. सत्तेचाळीस मात्र अजून करकरते. काकांना तासाभराचं काम, नवी फळी घातली की मिटलं. लेकीने दोनदा सुचवून पाहिलं.

"राहू दे," काका म्हणाले. "करकरतो असं त्यांनीच लिहिलंय ना? कशाला बिचाऱ्यांना खोटं पाडायचं?"

माइक अजून तिथेच असतो. व्यवस्थापक आभार मानायला उभे राहिले की दर वाक्याला कर्र वाजतं, आणि पहिल्या रांगेत काका मान डोलावतात.