शिंगाड्याची गाठ

आता रविताच्या दवाखान्यात गाठीत तपासणीची सुई घालायचा सराव करायला तयार मॉडेल येतं. गुळगुळीत, मांसाच्या रंगाचं, पेटीत मऊ गादीवर झोपवलेलं. शिकायला आलेल्या पोरी त्याला हात लावण्याआधी हात धुतात. रविताला मात्र ते पाहिलं की कुडव्याच्या घरचं स्वयंपाकघर आठवतं, आईचा स्टीलचा डबा आठवतो. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ते दोन हजार नऊचं साल. रविता सोनोग्राफी शिकत होती आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. जवळच गोंदियात सोनोग्राफीचा दवाखाना असलेल्या भोजराज सरांनी दुपारच्या रिकाम्या वेळात आपलं मशीन वापरायला दिलं, पण एका अटीवर. स्क्रीनकडे बघत सुई गाठीपर्यंत नेता आली पाहिजे, तीही न चुकता. तोवर माणसाच्या अंगाला सुई लावायची नाही. रविताचा हात भारी थरथरायचा. विकतचं मॉडेल आवाक्याबाहेरचं. मग काय, मॉडेल घरीच करायचं ठरवून तिनं सरळ गॅस पेटवला.

जेलीसारखं गोठणारं चायना ग्रास पाण्यात उकळायचं आणि त्यात इसबगोल मिसळायचं, म्हणजे स्क्रीनवर मांसासारखा करडा रंग दिसतो. इसबगोल इतकं लागायचं की औषधाच्या दुकानातला नंदलाल एकदा काळजीनं म्हणाला, "मॅडम, घर में सबका पेट खराब है क्या?" मिश्रण डब्यात ओतलं की मधोमध गाठ म्हणून उकडलेला शिंगाडा. तळ्यातले शिंगाडे त्या दिवसांत दारावर यायचेच.

पहिला डबा फुकट गेला. आईनं, रामबाईनं, ते मिश्रण खिरीसारखं घोटघोट घोटलं. आत बुडबुडे भरले आणि स्क्रीनवर नुसतं धुकं. "तूच तं म्हणाली ढवळ म्हणून," आई फणकारली. चूक कबूल करणं रामबाईच्या स्वभावातच नव्हतं. पण पुढच्या डब्यापासून ती अगदी हलक्या हातानं ढवळायला लागली, आणि रविताहून तीच त्यात जास्त रमली. थंड झालेला प्रत्येक डबा ती दोन बोटांनी दाबून बघायची.

"हे खोटं लागते," ती एकदा म्हणाली. "शिंगाडा आत सरकून राहिला. गाठ अशी सरकत नाही. ते धरून बसते. हलवली का आजूबाजूचं सारं संगंच ओढल्या जाते."

"तुले कसं माहीत?"

"असते मानसाले माहीत," म्हणत आई भाताकडे वळली.

रविताला वाटलं, स्वयंपाकाचा हात आहे, कळत असेल. तिनं शिंगाड्याला सुरीनं खाचा पाडल्या. त्यांत मिश्रण शिरलं आणि गाठ घट्ट बसली. हळूहळू तिचा हातही बसला.

सरांनी परीक्षा घेतली त्या दिवशी सुई दर वेळी नेमकी लागली. सर खूश. त्यांनी सहज डबा दाबून पाहिला आणि थांबले. "वाईट गाठ अगदी अशीच लागते गं. कोणाची तपासली होतीस?"

तिनं तर कोणाचीच तपासली नव्हती; गाठ कशी लागते ते आईनं सांगितलं होतं. ती उठली आणि स्कूटी काढली. कुडव्यापर्यंतचा रस्ता कसा सरला, तिला कळलंही नाही.

आई अंगणात वाळत घातलेल्या धानातून पाय फिरवत होती.

"दाखव," रविता म्हणाली.

काय दाखव, हे रामबाईनं विचारलं नाही. आत जाऊन तिनं पदर बाजूला केला. डावीकडे, काखेजवळ. ती गाठ रविताच्या बोटांच्या ओळखीची होती.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"त्या सरापुढं पदर काढू का मी? म्हनलं, रविता दिवाळीले येते, तिलेच दाखवीन. तू आली, तं तुहा हात थरथरून राहिला. म्हनलं, बसू दे हात."

रविताला तेव्हा जसा राग आला, तसा पुन्हा कधी आला नाही. ती ओरडली, भांडली, नको ते बोलली. रामबाईनं सगळं ऐकून घेतलं, बहुधा जन्मात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सर पडद्याआड थांबले आणि रविताची पहिली सुई आईला लागली. एकदाच, नेमकी.

"झालं?" आई म्हणाली. "दुखलंबी नाही. शिकली तू."

रविता कशीबशी हसली, बाहेर आली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. तिचा हात जितके दिवस थरथरला होता, तितके दिवस आई थांबली होती.