तेलाचा हात

उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं होती, समोरासमोर. एक मनकर्णाचं, एक सगीराचं. मनकर्णाची साडेतीन वर्षांची तुळजा दुपारची झोप झाली की उठायची, आपला उंबरा ओलांडायची आणि समोरच्या दारावर थापा मारायची. तोंडानं काही म्हणायची नाही. घरात ती कुणाशीच काही म्हणत नसे, आणि मनकर्णाचं सगळं दुखणं तेच होतं.

डॉक्टरांनी कान तपासून ठणठणीत ठरवले होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बोलेल, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. मनकर्णा एमएस्सी झालेली. तिनं हे परीक्षेच्या अभ्यासासारखं अंगावर घेतलं. लेक नजरेस पडली की सुरू, "तुळजा, हे काय? वाटी. म्हण, वाटी." तुळजा वाटीकडं बघायची, मग आईच्या ओठांकडं, आणि पडद्यामागं जाऊन बसायची. वैजापूरहून सासूबाईंचा, आवडाबाईंचा, रोज फोन.

"बोलली का गं लेकरू?"

"अजून नाही."

"आपल्यात कुणी मुकं नव्हतं बाई. तुमच्याकडं बघ कुणी होतं का."

एके दिवशी मनकर्णा तुळजाला आणायला सगीराकडं गेली. दार उघडंच होतं. बैठकीत स्टुलावर सगीराचा फिश टँक, हातभर लांबीचा, खाऱ्या पाण्याचा. आत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. सगीरा पाठमोरी उकिडवी बसून नळीनं टँकमधलं पाणी बादलीत सोडत होती. तिच्या मागं उभी राहून तुळजा म्हणाली, "सग्गी, मच्छी भुकी है."

स्वच्छ. अडखळणं नाही, काही नाही.

"हौ, भुकी है," सगीरा मान न वळवता म्हणाली. "रुक जरा, पहले पानी बदलती मैं."

मनकर्णा दारातच थिजली. लेकीचं पहिलं अख्खं वाक्य ऐकलं होतं, आणि ते दुसऱ्या बाईला म्हटलेलं होतं, त्या बाईच्याच बोलीत.

"तुमच्याशी बोलते का ही, भाभी?"

"लई बडबड करती. का, तुमच्याकडं नाय बोलत?"

सगीराच्या विचारण्यात कुचकेपणा असता तर सोसलं असतं. तो नव्हता. "बोलते की," मनकर्णा म्हणाली आणि लेकीला दंडाला धरून घरी घेऊन आली.

संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढं विषय काढला. "आपल्याकडंही टँक पाहिजे. खाऱ्या पाण्याचा."

रामकिसन हसला. "समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर, नळ येतो सहा दिवसांनी, आणि तुला खारे मासे?"

"समोरच्यांना जमतं ना."

"त्या जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतात."

"मग मी काय गवत कापून एमएस्सी झाले?"

महिन्याभरात टँक आला, सगीराच्या दुप्पट. शिवाय त्याला प्रोटीन स्किमर होता, सगीराकडं नव्हता तो. उभ्या नळीत बारीक बुडबुडे उसळायचे, पाण्यातला मळ त्यांना चिकटून तपकिरी फेस व्हायचा आणि वरच्या पेल्यात साठायचा. पेला धुतला की काम संपलं. सगीरा बघायला आली, तेव्हा मनकर्णानं तो पेला मुद्दाम तिच्या नाकाखाली धरला.

"बाप रे, काय घाण काढतंय," सगीरा म्हणाली. "माझ्या टँकला बादली हेच मशीन. दर सोमवारी."

"तरीच तुमचं पाणी जरा पिवळं दिसतं, नाही?"

"जुना संसार आहे, भाभी. पिवळा पडायचाच." आणि खळखळून हसली.

मासे नवे, पाणी काचेसारखं. तुळजानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या दारावर थापा.

मग मनकर्णानं दाराला वरची कडी लावायला सुरुवात केली. स्किमर मळ काढत होता, तिच्या हाताला काम नव्हतं. टँकपुढं खुर्ची टाकून ती लेकीवर डोळे लावून बसायची. "मासा कुठंय? म्हण, मासा." मासे दगडाआडून बाहेर यावेत, तुळजानं त्यांना बघून तोंड उघडावं, म्हणून माशांच्या खाण्याचे दाणे चिमटीमागून चिमूट टाकायची. तुळजा दाराच्या कडीकडं बघत बसायची.

त्या रविवारी न्हाण्याआधी ती तुळजाच्या डोक्याला तेल लावत होती. अर्धं डोकं झालं आणि पोरगी निसटून दाराकडं पळाली. तिला थांबवायला मनकर्णा तेलकट हातानं तशीच उठली, मूठभर दाणे टाकले आणि कोपरापर्यंत हात टँकमध्ये घालून दगड सरकवला. "बघ, तुळजा, मासा आला बघ." तुळजानं आईच्या भिजलेल्या हाताकडं बघितलं आणि पडद्यामागं गेली.

तासाभरानं मनकर्णाच्या लक्षात आलं, स्किमरमध्ये बुडबुडे आहेत पण फेस नाही. पेला कोरडा. तिनं स्किमर काढला, धुतला, परत लावला. काही नाही. दाण्यांचा चुरा तरंगून पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. ज्या दाराला लेक जाऊ नये म्हणून कडी लावली होती, तेच दार आता तिला स्वतः वाजवावं लागलं.

सगीरानं नळीत वाकून बघितलं. "कुणाच्या हाताला तेल होतं?"

मनकर्णानं हात पदराआड घेतला. तुळजाचं अर्धं चोपडलेलं डोकं पडद्याबाहेर डोकावत होतं. लेकीवर ढकलणं सोपं होतं. तिनं ढकललं नाही, आणि सगीराला काय ते कळलं.

"होतं असं. तेलानं फेस बसतो. दोन दिवसांत येईल आपोआप. पण दाणे लई पडलेत, पाणी आत्ताच बदला. खारं पाणी तयार आहे का?"

नव्हतं. मशीन असल्यावर कशाला लागतं, असं मनकर्णा धरून चालली होती. सगीरानं आपल्या निळ्या ड्रममधलं दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. उद्याच्या सोमवारचं. नको म्हणावंसं मनकर्णाला फार वाटलं.

"पोरं बसलीत शिकवणीला," म्हणत सगीरा गेली.

मनकर्णानं सवयीनं कडी लावली, हात घासून धुतले आणि उकिडवी बसली. नळी ओढताना तोंडात खारट घोट आला. दगड उघडा पडायला नको, मासा नळीजवळ यायला नको, बादली सांडायला नको. सगळं ध्यान तिथंच. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिचे डोळे लेकीवर नव्हते. गढूळ पाणी काढून झालं, तिनं भांड्यानं नवं ओतायला घेतलं. मागं छोटी पावलं वाजली.

"आई, आहिस्ता."

मनकर्णानं भांडं जरा सरळ केलं.

"मच्छी डरती."

मनकर्णाची मान अर्धी वळली. उचलून घ्यावं, वैजापूरला फोन लावावा, पुन्हा म्हण म्हणावं. पण वळली की पडदा, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. सगीराची ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढं आली. तिनं मान परत काचेकडं नेली.

"हौ," तिच्याच तोंडून निघालं. "आहिस्ता टाकते."

मग मागून बोलण्याची धार लागली. हा मासा मोठा, तो सग्गीचा मासा लहान, तेल डोळ्यात गेलं, कडी उघड. अर्धं मराठी, अर्धं समोरच्या घरचं. ओतायचं पाणी संपलं, तरी मनकर्णा रिकामं भांडं हलवत बसली होती.

मंगळवारी फेस आला. चांगला दाट, पेला भरायला लागला. मनकर्णानं क्षणभर बघितलं आणि स्किमरचा प्लग काढून ठेवला; पाणी आता बादलीनंच बदलायचं. दाराची वरची कडीही तिनं त्या दिवशी लावली नाही.

सगीरा दारात आली. "आला का फेस, भाभी?"

"नाही ना. मशीनच गेलं वाटतं."

"मग सोमवारी हाक मारा, मी येईन बादली धरायला."

"नको, नको. जमतं मला."

प्लग काढताना बघितलेली तुळजा नळी हातात घेऊन दोघींच्या मधे उभी होती. सग्गीकडं बघत होती, आईकडं बघत होती, आणि गप्प होती. तिच्या गप्प असण्याचं मनकर्णाला त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटलं.